पहिल्या आठवड्याचे अकरा पौंड

माझ्या भाचीची मुलगी मध्यंतरी एक मासिक घेऊन माझ्याकडे आली. त्यात परदेशातल्या कुठल्याशा आहाराची माहिती छापली होती. भात, पोळी, साखर सगळं बंद करायचं आणि तूप, लोणी, अंडी, मटण पोटभर खायचं, म्हणजे वजन भराभर उतरतं म्हणे. तिने मला विचारलं, "आजी, तू एवढी वर्षं दवाखान्यात काढलीस. खरंच इतक्या लवकर उतरतं का गं?"

मी म्हटलं, उतरतं. पहिल्या आठवड्यात तर फारच उतरतं. पुढचं मात्र मला तिला दोन वाक्यांत सांगता येईना. ते सांगायचं तर पलूसकडच्या पैलवान आबांपासून सुरुवात करायला हवी होती, आणि आबांचं सांगायचं तर अनसूयाकाकींचं सांगायला हवं. त्यात माझी एक चूक आहे. इतकी वर्षं मी ती फारशी कुणाला सांगितलेली नाही. आता लिहूनच टाकते.

दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं. सांगलीत एका डॉक्टरांचं वीस खाटांचं रुग्णालय होतं, तिथे मी परिचारिका होते. माहेर वाईचं, शिक्षण पुण्याला, आणि नोकरी माहेरच्याच नदीच्या खालच्या अंगाला. आम्ही चौघी होतो आणि कामं वाटून घेतलेली होती. माझ्याकडे तीन कामं आली होती. पथ्याचं स्वयंपाकघर, वजनाचा काटा आणि लघवीची तपासणी. पाहुण्यांत कुणी विचारलं तर मी पहिल्या दोन कामांची नावं सांगून थांबत असे. खरा अभिमान मात्र मला तिसऱ्याचाच होता.

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. तिथे त्यांनी फेफरं येणाऱ्या मुलांना एक विशेष आहार देताना पाहिलं होतं. ते त्याला कीटोजेनिक आहार म्हणत. आम्ही आपलं 'तुपाचं पथ्य' म्हणायचो. मुळात ते वजनासाठी नव्हतंच. कोरेगावची शालन नावाची सात वर्षांची मुलगी आमच्याकडे आली होती, तिला दिवसातून आठ-दहा वेळा झटके यायचे. तिच्यासाठी आम्ही ते पहिल्यांदा केलं. सोनाराकडे असतो तसला लहान तराजू डॉक्टरांनी आणून दिला. त्यावर मी साय, लोणी, अंडं, मेथीची भाजी असं एकेक मोजून तिच्या ताटात वाढायची. भाकरीचा तुकडा नाही, गुळाचा खडा नाही, दूधसुद्धा मोजकंच.

डॉक्टरांनी मला ते सोपं करून सांगितलं होतं. शरीराला जाळायला आधी साखर लागते, आणि भाकरी, भात, गूळ ही सगळी शेवटी साखरच. ती मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळायला घेतं. ती जळताना जे द्रव्य तयार होतं ते लघवीत उतरतं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, त्यात औषधाची भुकटी आणि दोन-चार थेंब घालायचे. पथ्य नीट चाललं असेल तर वर जांभळी कड उमटते. कुणी चोरून काही खाल्लं तर ती फिकी पडते नाहीतर नाहीशी होते. माणूस खोटं बोलेल, नळी बोलणार नाही, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायची.

शालनचे झटके हळूहळू कमी झाले आणि पुढे काही महिने तर बंदच झाले. पण पहिल्या दहा दिवसांतच तिचं वजन तीन पौंडांनी उतरलं. तिची आई काट्यापाशी उभी राहून रडायला लागली. डॉक्टरांनाही ते नको होतं. त्यांनी लोणी वाढवून ते थांबवलं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली असावी, कारण पुढच्याच वर्षी आबा आले तेव्हा त्यांनी मला बोलावून म्हटलं, "कुसुमताई, शालनचं पथ्य पुन्हा काढा. या वेळी वजन उतरवायचंच आहे."

आबा पलूसजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांनी सातारा-सांगलीचे कितीतरी फड गाजवले होते. पुढे गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही. उसाचं रान होतं, घरचं गुऱ्हाळ होतं, दावणीला चार म्हशी होत्या. पंचेचाळिशीत आबा आमच्या काट्यावर उभे राहिले तेव्हा दोनशे एक्कावन्न पौंड भरले. काट्याची फळी करकरली तसे ते ओशाळले आणि म्हणाले, "बाई, जरा बेतानं. मोडंल."

त्यांना अंतर्गळ होता. आतडं जांघेत उतरायचं आणि ते हाताने आत सारायचे. दोन वेळा ते अडकून बसलं होतं. तिसऱ्या वेळी अडकलं आणि सुटलं नाही तर आतडं कुजून माणूस जातो. शस्त्रक्रिया करायलाच हवी होती. पण तेव्हाची भूल म्हणजे तोंडावर धरायचं ईथर. एवढ्या देहाला ती देताना श्वास अडकला तर काय, याची डॉक्टरांना धास्ती होती. शिवाय पोटावर चरबीचा एवढा थर असताना टाके धरायचे नाहीत. त्यांनी आबांना स्पष्ट सांगितलं की आधी तीस पौंड उतरवा, मग मी हात लावतो. आणि इथेच राहून उतरवा, घरी जमणार नाही.

तूप खाऊन बारीक व्हायचं हे ऐकल्यावर आबांना वाटलं, डॉक्टर चेष्टा करताहेत. त्यांची बायको अनसूयाकाकी शेजारी उभ्या होत्या. बुटक्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी फक्त विचारलं, "भाकरी किती दिस बंद?" डॉक्टर म्हणाले, दोन महिने तरी. काकींनी नवऱ्याकडे बघितलं. भाकरीशिवाय हा माणूस दोन दिवस राहील की नाही, हे त्या मनातल्या मनात तपासत असाव्यात.

पहिले तीन दिवस वाईट गेले. आबांचं डोकं ठणकायचं, उठलं की अंधारी यायची, कुणी बोललं की ते वसकन अंगावर यायचे. डॉक्टरांनी मीठ घालून मटणाचं पातळ सूप द्यायला सांगितलं. पाणी जातं त्याबरोबर मीठही जातं, म्हणून. तोंडाला फार पिकलेल्या पेरूसारखा वास यायला लागला. चौथ्या दिवशी नळीत जांभळी कड उमटली, इतकी गडद की मी ती नेऊन डॉक्टरांना दाखवली. भूकही त्या दिवसापासून मंदावली. आबा स्वतःच नवल करू लागले की ताटात मटण आहे आणि आपल्याला दुसऱ्यांदा मागावंसं वाटत नाही.

आठव्या दिवशी त्यांना काट्यावर घेतलं. मी काट्याच्या दांडीवरचा गोळा सरकवत गेले तो थांबेचना. दोनशे चाळीस. आठवड्यात अकरा पौंड. मी दोनदा बघितलं, दुसऱ्या परिचारिकेला बोलावून तिच्याकडून खात्री करून घेतली. आबांनी शर्ट वर करून धोतराची गाठ दाखवली, ती बोटभर सैल झाली होती. मी तर दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "कुसुमताई, यात चरबी तीन-चार पौंड असेल. बाकीचं पाणी आहे. शरीरात साखरेचा थोडा साठा असतो, तो आपल्याबरोबर पाणी धरून बसतो. साठा संपला, पाणी सुटलं. पुढच्या आठवड्यात असं होणार नाही, तेव्हा त्यांना आत्ताच सांगून ठेवा." मी मान डोलावली आणि आबांना काही सांगितलं नाही. त्यांचा आनंद मोडवेना. माझा स्वतःचाही मोडवेना, हे जास्त खरं.

अकरा पौंडांची बातमी सांगलीत फिरली. एक वकील आले, जाडजूड आणि घाईतले. मुलाचं लग्न दहा दिवसांवर होतं आणि लग्नासाठी शिवलेला कोट अंगात शिरत नव्हता. त्यांना पुढचं काहीच नको होतं, फक्त 'तो पहिला आठवडा' हवा होता. डॉक्टरांनी नाही म्हणून पाहिलं, पण वकिलापुढे कोण टिकणार. प्रकृती तपासून त्यांनी पथ्य लिहून दिलं. गृहस्थांचे नऊ पौंड उतरले, कोट बसला. लग्नात जिलब्या झाल्या. चार दिवसांनी ते पुन्हा काट्यावर उभे राहिले तर सात पौंड परत. माझा काटा सदोष आहे असं त्यांनी मला बजावलं, नोटिशीच्या भाषेत.

आबांचे दुसऱ्या आठवड्यात चार पौंड उतरले. ते हिरमुसले. मी आता कुठे त्यांना पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मंजी पैल्या आठवड्यात तुमी मला पाणी दावून खूश केलंसा व्हय?" हसत म्हणाले, पण त्यांना ते लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात वजन हललं नाही. उलट एक पौंड वाढलं. आणि नळीतली जांभळी कड फिकी पडत पडत एके दिवशी उमटलीच नाही.

मला संताप आला. तो त्यांच्या जिवासाठी होता की माझ्या बढाईसाठी, हे आता सांगणं अवघड आहे. मी आबांना विचारलं. त्यांनी आईची शपथ घेतली की पथ्याबाहेरचं कणभर खाल्लं नाही. मी मनात म्हटलं, नळी खोटं बोलत नाही. मग उरलं कोण? अनसूयाकाकी दर दोन दिवसांआड कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून धक्के खात यायच्या. आल्या की तासभर नवऱ्यापाशी बसायच्या. त्यांच्या काखेत नेहमी एक गठुडं असायचं, आणि ते त्यांनी खोलीत कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

त्या दिवशी त्या आल्या तशी मी पुरुषांच्या खोलीच्या दारातच त्यांना अडवलं. आत आठ खाटा होत्या, रुग्णांचे नातेवाईक बसलेले होते. मी मोठ्या आवाजात म्हटलं की काकी, तुम्हाला नवरा हवा आहे की नाही? चोरून भाकरी खाऊ घालून तुम्ही त्यांचा जीव घ्याल. आणि त्यांच्या काखेतलं गठुडं ओढून घेऊन तिथल्या तिथे जमिनीवर सोडलं. आत दोन भाकऱ्या होत्या, वर ठेचा आणि एक कांदा.

मी ते सगळ्यांना दाखवलं. आबा खाटेवरून उठायला धडपडत होते, त्यांचा चेहरा काळवंडला होता. काकी खाली वाकल्या. भाकऱ्या परत फडक्यात बांधल्या आणि हळू आवाजात बोलल्या, "ही माजी न्याहारी हाय बाई. पहाटं निगते घरनं. ह्येंच्या म्होरं भाकर खाववत न्हाई, म्हून जाताना भाईर लिंबाखाली बसून खाती."

मला ते खरं वाटलं नाही. इतकी मी माझ्या नळीवर खूश होते. काकी त्या दिवशी बसल्या नाहीत. आबांच्या पायाला हात लावून निघून गेल्या. खिडकीतून मी बघितलं तर त्या लिंबाखालीही थांबल्या नाहीत, सरळ मोटारीच्या अड्ड्याकडे गेल्या.

दुपारी डॉक्टर फेरीला आले. मी त्यांना सांगितलं की कारण सापडलं, बायको भाकरी आणते. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. पथ्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांना खोकला लागला होता. अंतर्गळाच्या रुग्णाला खोकला वाईट, म्हणून तेव्हाच त्यांना खोकल्याचं औषध सुरू केलं होतं. दिवसातून चार वेळा एकेक औंस, आणि ते मीच पाजायची. आबांना ते फार आवडायचं. कधी अर्धा औंस जास्त मागायचे आणि मी कौतुकाने द्यायची.

डॉक्टरांनी उशाची बाटली उचलली, बूच काढून वास घेतला आणि एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कशात कालवतात, कुसुमताई?"

साखरेच्या पाकात. हे मला ठाऊक होतं. प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असतं. तीन आठवडे मी मेथीची पानंसुद्धा तोलून वाढत होते, आणि त्यातला शेवटचा आठवडा त्याच हाताने दिवसातून चार वेळा त्यांना साखरेचा पाक पाजत होते. साखर रेशनवर मिळत होती, घरोघरी चहा गुळाचा झाला होता, आणि इथे हा माणूस माझ्या कृपेने रोज वाटीभर साखर पीत होता. नळी खरंच खोटं बोलली नव्हती. तिचं बोलणं मला कळलं नव्हतं.

डॉक्टर मला रागावले नाहीत. औषध बदलून दिलं, मिठाच्या गुळण्या आणि वाफारा सांगितला आणि पुढच्या खाटेकडे गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आबांची मी तिथेच माफी मागितली. ते म्हणाले, "माज्यापाशी नगं बाई. तिच्यापाशी बोला." एवढंच म्हणाले.

पण काकी पुढच्या खेपेला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाहीत. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आबांचे सहा पौंड उतरले, नळीत कड पुन्हा गडद झाली, पण आबा काट्यावरून उतरताना आकडासुद्धा विचारेनात. मटण अर्धं ताटात ठेवायला लागले. डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर हा माणूस शस्त्रक्रियेआधीच खचेल. तेव्हा मी रजा मागितली आणि त्या गॅसच्या मोटारीत बसून पलूसला गेले. तिथून पुढे तीन मैल बैलगाडीच्या चाकोरीने चालत.

घरी विचारलं तर काकी गुऱ्हाळावर आहेत म्हणाले. त्या तिथे चुलाणापाशी रस काढलेल्या उसाच्या चोयट्या जळणासाठी पसरत होत्या. सभोवार उकळत्या रसाचा वास भरून राहिला होता. मला बघून त्यांचा हात थांबला. आधी त्यांना वाटलं मी वाईट बातमी आणली. मी घाईघाईने सांगितलं की आबा बरे आहेत. मग औषधाचं सगळं सांगितलं, काही न लपवता. माझी चूक होती, तुमचा अपमान मी चारचौघांत केला, मला क्षमा करा, असं म्हटलं. कामावरची माणसं ऐकत होती. ते बरंच झालं, कारण अपमानही माणसांसमोरच केला होता.

काकींनी हातातल्या चोयट्या खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुमी त्येंच्या जिवापायीच बोललासा, ते कळलं मला तवाच. त्येचं काय न्हाई. पर बाई, गठुडं सोडायच्या आदी इचारायचं व्हतं."

त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पीत होते तेवढ्यात त्यांनी हात धुतले, पदर सारखा केला आणि सुनेला काही सांगून माझ्याबरोबर निघाल्या. परतीच्या मोटारीत त्यांनी मला आबांच्या कुस्तीच्या गोष्टी सांगितल्या. नवरा जिंकून आला की गावात मिरवणूक निघायची आणि आपण दाराआडून बघायचो, हे सांगताना त्या किंचित लाजल्या.

त्यानंतर काकी येत, तेव्हा मी माझी न्याहारी घेऊन त्यांच्याबरोबर लिंबाखाली जाऊन बसायची. पुढचे चार आठवडे वजन सावकाश उतरत गेलं. कधी तीन पौंड, कधी दोन. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही. आठ आठवड्यांत तीस पौंड पुरे झाले. डॉक्टरांनी एका सकाळी शस्त्रक्रिया केली. त्यांच्या तोंडावर ईथरची जाळी मी धरली होती. मध्ये एकदा आबांचा श्वास घुटमळला, डॉक्टरांचे हात थांबले आणि मी आबांचा जबडा पुढे ओढून धरला. काही क्षणांनी छाती पुन्हा वर आली. उतरवलेले चाळीस पौंड अजून अंगावर असताना हेच झालं असतं तर काय, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आकडा दुरुस्त केला, "तीस," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. टाके छान धरले.

घरी जाण्याआधी त्यांना हळूहळू भाकरी सुरू केली. चार दिवसांत पाच पौंड वाढलेले बघून आबा घाबरले. या वेळी मी लगेच सांगितलं की हे पाणी आहे, येणारच होतं. भाकरी अर्धी ठेवा, गूळ सणावारी, आणि रानात चालत जा.

पुढे मी साताऱ्याच्या एका रुग्णालयात गेले आणि तिथेच निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा अनसूयाकाकी अचानक भेटल्या. नातीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. मी समजले. त्या म्हणाल्या, आबा गेल्या श्रावणात गेले. रानातून आले, ओसरीवर टेकले आणि बोलता बोलता मान टाकली. दुखणं नाही, खुपणं नाही. शस्त्रक्रियेनंतर पंधराएक वर्षं मिळाली.

मला राहवलं नाही. जुनी खोड. मी विचारलं की शेवटी शेवटी वजन किती होतं त्यांचं? पुन्हा वाढलं होतं का?

काकींनी थोडा विचार केला. "काय म्हाईत बाई. वाडलं बी आसंल. गुळाच्या काट्यावर नातवंडं बसवायची त्येंना, चेष्टेनं. आकडा न्हाई म्या इचारला कवा." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आधी त्येंना पंगतीत मांडी घालून बसाय येत नव्हतं. भित्तीला टेकून, येगळा पाट मांडून द्यावं लागायचं. नंतर बसायचे सगळ्यांच्या वळीत. थोरल्या नातीच्या लग्नात लय येळ बसले व्हते. मी वाढत व्हते."